जुळलेल्या दातांनंतर

गुरांच्या बाजारात बैलाचे वय कुणी विचारीत नाही. त्याचे तोंड उघडून पाहतात. एका हाताने वेसण धरायची, दुसऱ्या हाताने खालचा ओठ दाबायचा आणि दुधाच्या दातांत पक्के दात किती आले ते मोजायचे. एकही पक्का दात नसेल तर तो ‘आदत’. पक्क्या दातांची पहिली जोडी आली की ‘दुसा’, दुसरी आली की ‘चौसा’, मग ‘सहादाती’. चौथी जोडी येऊन खालचे आठही दात सारखे झाले की बैल ‘जुळला’. हे सारे साधारण अडीचाव्या वर्षी सुरू होते आणि पाचव्याच्या आसपास आटोपते.

माझे कुतूहल त्याच्या पुढचे आहे. बैल बारा-पंधरा वर्षांचा होईतो औताला चालतो. नीट खायला मिळाले तर विशी गाठतो. म्हणजे आयुष्याचा तीन चतुर्थांश भाग ‘जुळल्या’नंतरचा. दात झिजतात, त्यांत फटी पडतात, जाणकाराला त्यावरूनही अंदाज बांधता येतो. पण या अवस्थांना स्वतंत्र नावे मी तरी कधी ऐकली नाहीत. पाच वर्षांना पाच शब्द आणि उरलेल्या पंधरांना एकच : म्हातारा. शब्दसंपत्ती जिथे गरज असते तिथेच साठते, असे आपण भाषाविज्ञानाच्या पहिल्या तासाला शिकवतो. बाजाराला बैलाच्या तारुण्याची गरज होती. त्याच्या वार्धक्याला गिऱ्हाईक वेगळे होते आणि त्या गिऱ्हाइकाला दात मोजायचे नव्हते, वजनाचा अंदाज घ्यायचा होता.

संज्ञा नाही, पण एक क्रियापद आहे. आमच्याकडे म्हणतात, ‘बैल बसला’. माणूस बसला म्हणजे विसावला. बैल बसला म्हणजे संपला. बसलेल्या अवस्थेत ज्याची पूजा होते असा एकच बैल मला ठाऊक आहे : देवळातला नंदी. तो दगडाचा आहे.

हे सुचण्याचे निमित्त थोडे वैयक्तिक आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

आमचे गाव पारोळा आणि अमळनेर यांच्यामधले, बोरी नदीच्या काठचे. काळी जमीन, कपाशी, ज्वारी आणि दावणीला दोन बैल. त्यांतला एक निमाडी होता, तांबड्या अंगावर पांढरे शिंतोडे असलेला. निमाड आमच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पलीकडे; तिथली ही जात जळगाव जिल्ह्यातही पूर्वीपासून आहे. दुसरा पांढरट, लांब शिंगांचा, तापीकाठच्या खिल्लार वळणाचा. निमाड्याचे नाव चांद्या. मी शाळेत जाऊ लागलो तेव्हा तो जुळलेला होता, आणि मी अकरावी-बारावी केली तेव्हा त्याला चढणीवर धाप लागू लागली होती. वखर ओढताना तो मध्येच थांबे, आणि आमचे सालदार आप्पा त्याला काही न बोलता तेवढा वेळ उभे राहत. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते दिसत होते. पण ते पाहिले नाही असे ते वागत.

१९७९ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी नानांनी चांद्याला तालुक्याच्या बाजारात नेले. मी बरोबर होतो. दलालाने हातावर उपरणे टाकले, त्याखाली बोटांची भाषा झाली, आणि तोंडाने एकही आकडा न उच्चारता व्यवहार ठरला. घेणाऱ्याने चांद्याचे तोंड उघडून पाहिले नाही. त्याने वशिंडामागे हात फिरवला, मांडीवर थाप मारली आणि मान हलवली. नानांनी चांद्याच्या गळ्यातली घुंगरांची माळ सोडली, कासरा काढून घेतला, आणि घेणाऱ्याने स्वतःजवळची दोरी बांधली. परतीच्या वाटेवर बैल कुठे जाणार हे नानांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. त्या पैशांत नाना गोऱ्हा घेतील असे मला वाटले होते. महिन्याभराने जळगावच्या कॉलेजातली माझी फी आणि खोलीचे आगाऊ भाडे त्यांतूनच गेले.

पुढे पस्तीस वर्षे मी मराठी शिकवले. त्या नोकरीचे निवृत्तिवेतन आज मला मिळते. या साखळीची पहिली कडी कुठली आहे हे मला नेहमीच माहीत होते. त्याचा उच्चार करण्याची वेळ मात्र निवृत्त होईपर्यंत आली नाही.

पोळ्याला आमच्याकडे मोठा मान. श्रावणी अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते : जुवाने घट्टे पडलेल्या खांद्याला हळद आणि तूप किंवा तेल चोळायचे, कोमट पाण्याने शेकायचे. दुसऱ्या दिवशी आंघोळ, शिंगांना रंग, अंगावर झूल, कपाळी बाशिंग, पुरणपोळीचा घास. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवीत नाहीत. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस जो भार टाकतो तोच हात त्या संध्याकाळी खांद्याची क्षमा मागतो, असे खांदेमळणीचे वर्णन करता येईल. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी (१८८०–१९५१) पोळ्यावर रचना केली ती ऋणाच्या जाणिवेने. ज्यांनी स्वतः शेतात राबून आयुष्य काढले त्यांना सण आणि देणे यांतला फरक कुणी समजावून सांगायला नको होता.

पण ‘पोळा’ या शब्दातच एक गंमत दडलेली आहे. जुन्या मराठीत ‘पोळ’ म्हणजे देवाच्या नावाने डाग देऊन मोकळा सोडलेला बैल. तो कुणाच्या मालकीचा नाही, कुणी त्याला जुंपायचे नाही, गावभर फिरून त्याने चरायचे. पोळ्याचा संबंध या ‘पोळा’शी लावला जातो. म्हणजे सण मोकळ्या बैलाच्या नावाचा आणि साजरा होतो तो जुंपलेल्या बैलाचा. मोकळेपणासाठी भाषेत शब्द होता, नाही असे नाही. पण तो अशा बैलासाठी होता ज्याने कधी काम केलेच नाही. काम करून मोकळा झालेला बैल या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी उभा आहे. आणि पोळ्याच्या मिरवणुकीत म्हातारा बैल मी क्वचितच पाहिला आहे. नेतात ती धडधाकट जोडी.

वर्गात शिकवताना हा विषय वेगवेगळ्या वेशांत समोर येई. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘अ‍ॅनिमल फार्म’मध्ये (१९४५) क्रांतीनंतर प्राण्यांची निवृत्तीची वये ठरतात : घोडे आणि डुकरे बाराव्या वर्षी, गायी चौदाव्या, कुत्रे नवव्या. भरघोस निवृत्तिवेतनेही मान्य होतात आणि म्हाताऱ्यांसाठी कुरणाचा एक कोपरा राखून ठेवायचे ठरते. बॉक्सर नावाचा राबता घोडा त्या कोपऱ्याच्या आशेवर शेवटचे दगड ओढतो आणि कोसळल्यावर त्याला न्यायला येते ती खाटकाची गाडी. विद्यार्थी त्यात स्टालिनचे रशिया शोधत, आणि ते बरोबरच होते. पण एका वर्षी शिंदखेड्याकडच्या एका मुलाने विचारले, “सर, रूपक बाजूला ठेवले तरी हे आमच्या घरचेच नाही का?” मी म्हटले, आहे, आणि लगेच पुढच्या मुद्द्याकडे वळलो. त्या वळण्याचे कारण वर आलेच आहे.

शरच्चंद्रांच्या ‘महेश’ कथेतला गफूर अधिक जवळचा. दुष्काळात स्वतःच्या मुलीला पोटभर घालता येत नाही असा हा विणकर म्हाताऱ्या महेशला विकायला निघतो, आणि खाटिक दारात आल्यावर त्याला विकवत नाही. शेवटी संतापाच्या एका क्षणी त्याच्याच हातून तो मरतो. त्या गावात बैलाच्या पावित्र्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. मूठभर पेंढा देणारे कोणी नाही. कथेतला हा फरक माझ्या लेखी साऱ्या विषयाचा गाभा आहे. म्हाताऱ्या जनावराबद्दल दोन भाषा उपलब्ध असतात : एक उपयोगाची, दुसरी पावित्र्याची. दोन्ही भाषांत पेंढ्याचा हिशेब येत नाही.

या दोन भाषांचे द्वंद्व आपल्या न्यायालयांतही दिसते. १९५८ साली मोहम्मद हनीफ कुरेशी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गायीच्या कत्तलीवरची पूर्ण बंदी मान्य केली. बैलाच्या बाबतीत मात्र तो ओढकामाच्या किंवा पैदाशीच्या उपयोगाचा आहे तोवरच बंदी योग्य, त्यानंतर नाही, असे ठरवले. महाराष्ट्राचा १९७६ चा प्राणी संरक्षण कायदा याच रेषेवर उभा होता : बैल आता किफायतशीर राहिला नाही असा दाखला मिळाला तर तो कत्तलीला देता येई. २००५ साली गुजरातच्या कायद्याच्या प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने १९५८ चा दृष्टिकोन बदलला. म्हातारपणी जनावराला निरुपयोगी ठरवणे ही कृतघ्नता होईल, असाही विचार त्या निकालात आहे. तरी युक्तिवादाचा मोठा भार पडला आहे तो शेण आणि गोमूत्र यांच्यावर. बैल म्हातारा झाला तरी शेण देतो, खत देतो, म्हणून तो निरुपयोगी नाही. निकाल उलटला, मोजपट्टी तीच राहिली. २०१५ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर पूर्ण बंदी आली.

शर्यतीच्या बैलांचीही हीच कथा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ ला शर्यतींना सशर्त मोकळीक मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. या साऱ्या वादात शर्यतीच्या बाजूने मांडला गेलेला ठळक मुद्दा असा की, शर्यत टिकली तर खिल्लार टिकेल. तोही उपयोगाचाच मुद्दा, आणि खोटा नाही. शर्यतीच्या मैदानात गट पाडतात तेही आदत, दुसा, चौसा असेच. पुन्हा दातांची भाषा. धाव मंदावलेल्या बैलाला ज्यांनी मरेपर्यंत दावणीला ठेवले असे शौकीन आहेत. ते त्यांच्या मनाचे मोठेपण, रिवाज नव्हे.

याउलट एक फार जुना दाखला मला सतत आठवतो. रोमच्या केटोने शेतीवर पुस्तक लिहिले, त्यात शेतमालकाला सल्ला आहे : थकलेले बैल विका, मोडकी गाडी विका, जुनी अवजारे विका, म्हातारा गुलाम, आजारी गुलाम विका. एकाच यादीत. केटोचे चरित्र लिहिताना प्लुटार्क या जागी थबकतो. तो म्हणतो की, आपल्यासाठी राबलेला बैलसुद्धा केवळ म्हातारा झाला म्हणून मी विकणार नाही, मग माणसाची गोष्टच सोडा. आणि तो अथेन्सची एक हकीकत सांगतो. मोठे देऊळ बांधताना ज्या खेचरांनी दगड ओढले त्यांतली खूप राबलेली खेचरे नगराने मोकळी सोडली. त्यांतले एक आपण होऊन कामावर परत येई आणि ओझी वाहणाऱ्यांच्या पुढे पुढे चाले. अथेन्सकरांनी ठराव केला की, याला मरेपर्यंत सार्वजनिक खर्चाने पोसावे.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या या गोष्टीत उपयोगही नाही आणि पावित्र्यही नाही. खेचर कुणाची माता नव्हते, देवाचे वाहन नव्हते. त्याने काम केले होते, एवढेच. आणि खर्च कुणी करायचा हे ठरावात स्पष्ट लिहिले होते.

आता आमच्या घराकडे परत येतो. शेती धाकटा भाऊ पाहतो. त्याने २०१९ साली ट्रॅक्टर घेतला. त्याच वर्षीच्या पशुगणनेत देशातील गोवर्गीय नरांची संख्या पावणेपाच कोटींच्या आसपास भरली. २०१२ साली ती सुमारे ६ कोटी ८० लाख होती. सात वर्षांत दोन कोटी बैल कमी झाले, आणि त्यांची माद्यांची संख्या त्याच काळात वाढली. आमच्या दावणीचा एक बैल भावाने ट्रॅक्टर घेण्याआधीच विकला होता. दुसरा, मोती, तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा होता. भाऊ त्याला दोनदा बाजारात घेऊन गेला आणि दोनदा परत आणला. घेणारा नव्हता. २०१५ पूर्वी जो घेणारा होता तो कोण होता, हे सगळ्यांना ठाऊक होते. तो गेल्यावर म्हाताऱ्या बैलाची किंमत शून्यावर आली नाही, शून्याच्या खाली गेली. खाणे तर चालूच होते.

भावाचा फोन आला. “दादा, काय करू सांग. दिवसाला शंभर रुपयांचा कडबा-ढेप खातो. पोरांच्या फिया भरू का याला पोसू? आते याना काय उपेग शे?” शेवटचे वाक्य अहिराणीत आले म्हणजे तो मनापासून बोलतो आहे हे मी ओळखतो. आणि त्या वाक्यात मला १९७९ सालची माझी फी ऐकू आली.

आम्ही शहरातले एक पांजरापोळ पाहिले. ही संस्था तशी जुनी. मुंबईत भुलेश्वरला सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी १८३४ साली पांजरापोळ उभारले ते प्रसिद्धच आहे, आणि खानदेशातल्या व्यापारी पेठांतही ही दयेची परंपरा रुजली. आम्ही गेलो तिथे जागा स्वच्छ होती, चारा होता, आणि गर्दी होती. देखभाल करणारे गृहस्थ नम्रपणे म्हणाले, “ठेवून घेऊ, पण तुम्हीच पाहा.” लोखंडी कठड्याआड कितीतरी बैल रवंथ करीत बसले होते. प्रत्येकाच्या खांद्यावर घट्टा होता. तेवढे खांदे एकत्र मी कधी पाहिले नव्हते. शेकडो एकर जमीन तिथे त्या कठड्याआड बसली होती. मी भावाला म्हटले, “चल. याचा खर्च मी देतो. मोती घरीच राहील.”

महिन्याला तीन हजार मी पाठवू लागलो. निवृत्तिवेतनातून दिलेले निवृत्तिवेतन, असे मी मित्रांना गमतीने सांगे, आणि त्या गमतीत थोडी ऐट असे. खरे काम मात्र आप्पांनी केले.

आप्पांबद्दल आतापर्यंत मी एका वाक्यात बोललो, आणि हा लेख लिहीपर्यंत एवढ्यावरच भागत होते, हे आधी कबूल करतो. खानदेशात सालदाराचे वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होते आणि पुढच्या आखाजीला संपते. ठरलेली रक्कम, काही धान्य, कपडे आणि वर्षभर दिवसरात्रीचे काम. आप्पा आमच्याकडे वयाच्या पंचविशीत आले आणि एक्केचाळीस आखाज्या राहिले. वखर, तिफण, कोळपे, कपाशीची गाडी, रात्रीचे पाणी. नानांच्या शेतात जे पिकले त्यात त्यांचा हात नाही असे एक वर्ष गेले नाही. मग गुडघे गेले आणि ते थांबले. पोरे सुरतेला. आप्पा गावातच, आमच्या खळ्यालगतच्या त्यांच्या दोन खणांत. भावाने ‘मोतीकडे लक्ष ठेवा’ म्हटले आणि ते रोज येऊ लागले. कडबा कापून टाकणे, पाणी दाखवणे, गोठा झाडणे. मोतीला आता दात राहिले नव्हते. आप्पा ढेप भिजवून लगदा करून हाताने भरवीत.

दिवाळीला मी गावी गेलो तेव्हा पहाटे गोठ्याकडे चक्कर मारली. मोती उठून दाराकडे तोंड करून उभा होता. आप्पा म्हणाले, रोज याच वेळी उठतो, औताची वेळ. मला अथेन्सचे खेचर आठवले, आणि प्लुटार्कच्या गोष्टीबद्दल पहिल्यांदाच शंका आली. ते खेचर कामाच्या प्रेमाने परत येत होते, की दुसरे काही करणे त्याला कुणी शिकवलेच नव्हते? निवृत्तीनंतरचे पहिले वर्षभर मीही सकाळी दहाला कपडे करून बसत असे.

मी आप्पांना म्हटले, याला जरा शेतापर्यंत फिरवून आणले तर?

ते म्हणाले, “भाऊ, त्याले बठू द्या. त्यानं काम व्हई गयं.” थोडे थांबून म्हणाले, “मनं बी व्हई गयं.”

त्याचे काम झाले, माझेही झाले. ‘बसणे’ हे क्रियापद मी आयुष्यभर संपण्याच्या अर्थाने ऐकले होते. आप्पांनी ते हक्काच्या अर्थाने वापरले. बसू द्या, उपयोग आहे म्हणून नाही, पुण्य लागेल म्हणूनही नाही. काम झाले आहे, म्हणून.

त्या रात्री मी एक हिशेब केला. तो भावनेचा नाही, सरकारी आकड्यांचा आहे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून घोषित केले आणि गोशाळांतील देशी गायींच्या पोषणासाठी दर दिवशी दर गायीमागे ५० रुपयांचे अनुदान ठरवले. मातृत्वाच्या या रूपकात बैल कुठे बसतो हा व्याकरणाचा प्रश्न मी सोडून देतो. आप्पांना ‘श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजने’चे पैसे मिळतात. ही रक्कम २०२३ साली वाढून दरमहा दीड हजार झाली. दीड हजार भागिले तीस : दिवसाला ५० रुपये.

गायीला जास्त मिळते अशी माझी तक्रार नाही. पन्नास रुपयांत गायही जगत नाही. मला आठवली ती केटोची यादी. तिच्यात बैल आणि गुलाम शेजारी शेजारी होते ते विकण्यासाठी. आमच्या यादीत ते शेजारी आहेत ते पोसण्यासाठी. हा फरक मोठा आहे, तो मी नाकारीत नाही. पण मी स्वतः काय केले होते? बैलाला दिवसाचे शंभर पाठवीत होतो आणि त्याला भरवणाऱ्या हाताला काहीच नाही. ते ‘घरचेच’ आहेत, असे मी धरून चाललो होतो. चांद्याबद्दलची जुनी टोचणी मोतीवर खर्च करून मी फेडली, कारण बैल प्रश्न विचारीत नाही. ज्या माणसाने चांद्याला चढणीवर थांबू दिले, ज्याच्या कष्टांतून माझे उरलेले सारे शिक्षण झाले, त्याचे नाव माझ्या अपराधाच्या वहीतही नव्हते. प्राण्यांवरची दया खोटी असते असे मला म्हणायचे नाही. ती कधीकधी अर्ध्या वाटेवर थांबते आणि थांबण्याची जागा मोठ्या सोयीची निवडते, एवढेच.

गेल्या वर्षी, २०२५ च्या श्रावणात, पोळ्याच्या आठ दिवस आधी मोती गेला. बांधावरच्या निंबाखाली त्याला पुरले. मी दुसऱ्या दिवशी पोहोचलो. आप्पांनी गोठा धुऊन ठेवला होता. दावे गुंडाळून खुंटीला टांगलेले होते.

निघताना मी आप्पांच्या हातात एक पाकीट ठेवले आणि सांगितले की, मोतीसाठी पाठवीत होतो ते दर महिन्याला आता तुमच्याकडे येईल. त्यांनी पाकीट उघडले नाही. विचारले, “हाऊ पैसा कसाना शे, भाऊ?”

कशाचा पैसा? पगार म्हणावा तर काम नव्हते. मदत म्हणावे तर त्यांनी मागितली नव्हती. बक्षीस म्हणण्याची लाज वाटली. पस्तीस वर्षे शब्दांवर पोट भरलेल्या माणसाला त्या क्षणी एक शब्द सापडेना. शेवटी म्हटले, “मागची बाकी आहे, आप्पा.”

आप्पांनी थोडा विचार केला. मग शांतपणे मान हलवली. म्हणाले, बाकी नाही. नाना दर आखाजीला वही काढून हिशेब चुकता करीत. एकाही वर्षाचा रुपया त्यांनी ठेवला नाही. तुम्ही वही पाहा हवी तर.

वही घरात आहे. मी पाहिली. आप्पा म्हणाले ते खरे आहे.